निरोपाचा नारळ

गल्लीनं आकाराम चौगल्यांना निरोप दिला तेव्हा ते कुठंही निघालेले नव्हते.

हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण 'चौगल्यांनी गल्लीला फसवलं, फुकटची शाल लाटली' असं अजूनही मंगळवार पेठेत काही जण बोलतात, आणि ते साफ खोटं आहे. माणूस अगदी सरळ. वय सत्तेचाळीस, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. वडिलांच्या वेळचं खाली दोन खोल्या आणि वर माडी असं घर. माडीवर बायको स्वप्नाली ब्लाउज शिवते. मुलगी क्रांती आठवीत. आणि आई झुंबरबाई, वय अठ्याहत्तर, दिवसभर दारातल्या कट्ट्यावर बसून गल्ली सांभाळते. असा माणूस कुणाला फसवायचं म्हटलं तर आधी रजेचा अर्ज टाकेल.

झालं असं. दिवाळीनंतर महिन्याभरानं कचेरीच्या कामासाठी आकाराम चितारवाडीला गेले. आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या अलीकडं हे गाव. पंधरा वर्षांपूर्वी चार गावांसारखंच होतं. मग पुण्याचे एक इंजिनिअर नोकरी सोडून तिथं मडकी करायला आले. त्यांच्या मागून चित्रं काढणारे आले, त्यांच्या मागून नाटकवाले. आता काजूच्या बंद कारखान्यात नाटकं होतात, घरांच्या भिंती रंगवलेल्या आहेत आणि विहिरीच्या कठड्यावर कविता लिहिलेली आहे, त्यामुळं पाण्याला आलेली बाई घागर टेकवून आधी ती वाचते आणि मग पोहरा सोडते.

तर त्या गावात एका टपरीवर 'चहा' अशी पाटी होती. ब्रशनं लिहिलेली. आणि ती बघून आकाराम थबकले.

कारण अनुकंपा तत्त्वावर लिपिक होण्याआधी हा माणूस पेंटर आकाराम होता. अठराव्या वर्षापासून सव्वीसपर्यंत निम्म्या कोल्हापूरच्या पाट्या त्यांनी लिहिल्या. दुकानं, रिक्षा, ट्रकच्या पाठी, तालमी, शाळा. मग डिजिटल फ्लेक्स आला, आठ दिवसांचं काम दहा मिनिटांत मशीनमधून बाहेर पडायला लागलं, त्याच वर्षी वडील गेले आणि नोकरी पदरात पडली. ब्रश पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर गेले. त्याबद्दल आकाराम कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण त्या 'चहा'समोर ते इतका वेळ उभे राहिले की टपरीवाल्यानं न विचारता दोन कप आणून हातात दिले.

घरी येऊन जेवताना म्हणाले, "आपण चितारवाडीला ऱ्हायला गेलो तर?"

स्वप्नालीनं भाकरी थापायची थांबवली. क्रांती कोल्हापुरी पोरींच्या रिवाजानं म्हणाली, "मी येतो." झुंबरबाई म्हणाल्या, "आधी आमटी वाढ."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घरातली गोष्ट घरात होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर, गवळी बाळासो म्हैस पिळत असताना, आकारामांनी शेजारच्या हंबीररावांना विचारलं, "जावं म्हंतोय. तुमचं काय मत?"

आता हंबीरराव म्हणजे तडाखा तरुण मंडळाचे अध्यक्ष. वय बासष्ट. गेली तीस वर्षं तरुणांचं नेतृत्व त्यांच्याकडंच आहे, कारण दुसरं कुणी तेवढं मोकळं नसतं. त्यांना मत विचारायचं नसतं. तरीपण विचारलं.

"जाऊ नका असं मी म्हणणार न्हाई," हंबीरराव म्हणाले. "पण जाऊ नका. आणि जायचंच आसलं तर सांगून जावा. गल्लीची म्हणून एक रीत हाय."

"अजून कशात काय न्हाई, नुसता विचार..."

"विचार आला म्हंजी निम्मं काम झालं की!"

तिसऱ्या दिवशी रविवार. आकाराम अर्ध्या चड्डीवर गाडी पुसायला खाली उतरले, तर गल्लीत मंडप. मंडपात खुर्च्या. आणि कोपऱ्यावरच्या खांबाला दहा बाय पाचचा फ्लेक्स:

'आपल्या गल्लीची शान, मा. आकराम चौगले यांना भावपूर्ण निरोप.'

फोटो कचेरीच्या ओळखपत्रावरचा. सभोवती झेंडूची किनार आणि खाली दोन कोपऱ्यांत दोन समया. नावात एक काना कमी. आकाराम नाही, आकराम. पेंटर माणूस, समया आणि झेंडू सोडून त्याची नजर आधी त्या गेलेल्या कान्यावर पडली.

"हंबीरराव, हे काय वो? मी ठरवलं न्हाई अजून!"

"तुम्ही ठरवा की निवांत. मंडप कालच्या बारशाचा उभाच हुता. पुढच्या रविवारी लग्नं हायती, मंडळ मोकळं न्हाई. आमच्याकडनं निरोप झाला, विषय संपला."

इथं आकारामांनी ठाम नकार द्यायला हवा होता, हे मलाही कळतंय. पण डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि हंबीररावांनी माइकवर सांगितलं की हा माणूस सत्तेचाळीस वर्षांत गल्लीत कुणाला वर तोंड करून बोललेला नाही. मग आकारामांना भरून आलं. ते उभे राहिले आणि बोलले, "मी कुठं बी असलो तरी या गल्लीला विसरणार न्हाई." एवढंच बोलले. टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. झालं, स्वतःच्या तोंडानं स्वतःचा निकाल लावून माणूस खाली बसला.

दुपारी दोनच्या एसटीनं नेसरीहून चुलतबहीण बायडाबाई आली. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत नेसरीला पोचला होता आणि समया बघून तिनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. डोक्यावरून पदर, हातात झुणका-भाकरीचा डबा, आणि गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं रडणं. दारात स्वतः आकाराम उभे. "ये की आक्का," म्हणाले. बायडाबाई होती तिथं मटकन बसली, आणि सावरल्यावर तिनं भावाला असल्या शिव्या दिल्या की मंडप सोडणारे लोकसुद्धा ऐकत थांबले. डबा मात्र सगळ्यांनी मिळून खाल्ला.

संध्याकाळी स्वप्नालीनं नारळ घेतला आणि विळीकडं निघाली. झुंबरबाईंनी तिचा हात धरला.

"ह्यो जाण्याचा नारळ हाय. फोडला म्हंजी गेलो. जायाचं का ऱ्हायाचं त्ये ठरंस्तवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

आणि देवाच्या फळीवर, गणपतीच्या शेजारी, नारळ ठेवला गेला.

दुसऱ्या दिवसापासून भोग सुरू झाले. सकाळी दुधाला गेले तर बाळासोनं मापं भरता भरता वर बघितलं. "आं? अजून हाय व्हय हितंच?"

"म्हंजी काय झालंय, अजून तसं..."

"न्हाई, मी तुमचं दूध बंद केलतं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "अजून हाय व्हय?" आठवड्यानं पुन्हा. बाळासोच्या मनात पाप नव्हतं, सरळ माणूस, रोज त्याला नव्यानं आश्चर्य वाटायचं. पण आकाराम रोज काहीतरी पुटपुटायचे आणि किटली घेऊन भिंतीच्या कडेकडेनं घरी यायचे. स्वतःच्या गल्लीत माणूस भाडेकरूसारखा चालायला लागला. मंडळातली त्यांची चिटणीसाची जागा भरली गेली. भिशीतून नाव गेलं. आणि स्वप्नालीकडं टाकलेली कापडं बायका परत न्यायला लागल्या. "तुम्ही जाणार, निम्मं शिवून ऱ्हायलं म्हंजी आमी कुठं जायाचं?" बारा वर्षं जमवलेली गिऱ्हाइकं, आणि महिन्यात मशीनवर धूळ. स्वप्नाली भांडणारी बाई नाही. ती फक्त रोज मशीन पुसायची आणि पुसताना नवऱ्याकडं बघायची.

"अहो," एकदा म्हणाली, "एक तर जाऊया, न्हाईतर ऱ्हाऊया. हे असं निरोप घेऊन बसणं बरं न्हाई."

म्हणून आकारामांनी बदलीचा अर्ज केला.

सरकारी नोकरीत बदली रद्द करून घ्यायला लोक जीव टाकतात. आकाराम शहरातून तालुक्याच्या पलीकडं मागून जात होते. आस्थापना शाखेच्या बाबूनं अर्ज दोनदा उलटापालटा करून बघितला. "चौगले, खरं सांगा. काय केलंय तुम्ही?"

"काय न्हाई वो. तिथं कला हाय."

"कोण कला?"

हे प्रकरण मिटवायलाच अर्धा तास गेला. मग अर्जातला रकाना आला, 'विनंतीचे कारण'. स्वतःचा आजार, जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचा आजार, एवढीच कारणं सरकारला माहीत. 'ब्रश हातात धरावासा वाटतो' असा रकाना नव्हता. बाबूनं सुचवलं, आईचा गुडघा घाला. 'मातोश्रींच्या गुडघ्यास ग्रामीण हवामान मानवते.' आकारामांनी ते आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. बाबू म्हणाला, अर्ज एवढा सुबक हाय की संशयच येतोय.

गुडघ्याचा दाखला आणायला झुंबरबाईंना सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांना हे आधी सांगितलं नव्हतं, ही चूक. डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर. झुंबरबाई सगळ्यांच्या आधी वर पोचल्या.

"आजी, गुडघे दुखतात म्हणे?"

"माझ्या गुडघ्यास्नी काय धाड भरलीया?" आणि खाली उकिडव्या बसून, कुठं हात न टेकता उठून दाखवलं. एकदा नाही, तीनदा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हातारीनं मुलाच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कोण जाणे, पण ती खुर्चीत बसली. "दुखतंय की," म्हणाली. "चालताना न्हाई. कट्ट्यावर बसून बसून कट्टाळा आला, की मग दुखतंय." डॉक्टर हसले आणि 'वयोमानानुसार गुडघेदुखी' एवढं लिहून दिलं. जिना उतरताना आकारामांनी आईचा हात धरला. तिला आधाराची गरज नव्हती, पण तिनं धरू दिला.

अर्ज वर गेला. तो खाली येईपर्यंत एकदा सगळ्यांनी गाव बघून यावं म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी चौघं चितारवाडीला गेले.

मडकी करणारे ते इंजिनिअर म्हणजे राजवीर. पन्नाशीचे, दाढी पोटापर्यंत, हात कोपरापर्यंत मातीत. कुणाला घर भाड्यानं द्यायचं ते हेच ठरवायचे.

"नाव काय म्हणालात? आकाराम? वा! आकार आणि राम! हे नाव तुम्ही स्वतः घेतलंत?"

"न्हाई, पणजोबांचं हुतं."

राजवीरांचा जरा हिरमोड झाला. "बरं. इथं घर देताना आम्ही एकच विचारतो. आपण काय करता?"

"सरकारी नोकरी."

"ते पोटासाठी. पण करता काय?"

आकारामांनी कितीतरी वर्षांनी ते मोठ्यानं म्हटलं. "अक्षरं लिवतो."

लगेच एक मोकळी भिंत, रंग, ब्रश असं सगळं समोर आलं. "मनात येईल ते लिहा." आकारामांच्या मनात जे यायचं तेच आलं. जन्मात सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेली ओळ. 'सावकाश जा, पुढे शाळा आहे.' पहिलं अक्षर जरा चाचपडत आलं, पण दुसऱ्यापासून हात बसला. 'श'ची गाठ, 'ळ'चा पोटफुगा, सगळं जिथल्या तिथं. भिंतीवर ओळ अशी उभी राहिली की पलीकडून येणारा मोटरसायकलवाला खरंच हळू झाला.

राजवीर दोन पावलं मागं सरून बघायला लागले. "हात आहे," म्हणाले. "शंकाच नाही. पण फार वाचता येतंय हो."

"म्हंजी?"

"म्हणजे वाचणाऱ्याला शोधायला काही ठेवलंच नाहीत. अक्षराला जरा सैल सोडा. मोडा त्याला."

आकारामांनी प्रयत्न केला. खरंच केला. एक 'श' वाकडा काढला आणि भाकरीत खडा लागावा तसं त्यांना झालं. राजवीर मात्र खूश. "आता आलात रस्त्यावर! काळजी करू नका, दोन वर्षांत हात मोडेल."

पलीकडं मडकी बघत असलेल्या झुंबरबाईंच्या कानावर नेमकं शेवटचं वाक्य गेलं. "कुणाचा हात मोडतोस रं?" म्हणत त्या ज्या चालीनं आल्या, ती चाल त्या डॉक्टरांनी बघितली असती तर दाखला फाडला असता. सगळं समजावून सांगितल्यावर त्या निवळल्या, पण पुरत्या नाही. जाता जाता एक मडकं उचलून म्हणाल्या, "ह्येला चीर हाय."

"आजी, ती चीर म्हणजेच ते भांडं आहे."

"मग ताक चिरंत ठिवू व्हय?"

स्वप्नालीनं तोपर्यंत गावाला एक चक्कर मारली होती. ती परत आली ती उतरल्या तोंडानं. "अहो, हितं मापाचं कुणाला कायच न्हाई. जुन्या गावातल्या बायका आजऱ्याला शिवत्यात आणि नव्या आलेल्या शिवतच न्हाईत, नुसतं गुंडाळत्यात. मी कुणाचं काय शिवू?" एकटी क्रांती आनंदात होती. तिथल्या शाळेत मुलानं स्वतः विचारल्याशिवाय गणित शिकवत नाहीत असं तिला कळलं होतं. "मी कवाच विचारणार न्हाई," तिनं जाहीर केलं.

परतीच्या एसटीत आकाराम खिडकीशी बसले होते. अंगठ्याला निळा रंग लागलेला होता आणि तो त्यांनी पुसला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, ते राजवीर काही बोलले याचं नाही. माणूस मनानं चांगला, त्यानं चहासुद्धा स्वतः केला होता. वाईट याचं वाटलं, की ज्या कारणासाठी ते इथं यायला निघाले होते तीच गोष्ट इथं आधी मोडून टाकावी लागणार होती. वाचता यावं म्हणूनच तर ते आयुष्यभर अक्षर घोटत आले होते.

म्हणजे जायचं नाही, हे त्यांच्यापुरतं त्या एसटीतच ठरलं. पण सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं? गल्लीनं फेटा बांधलेला, शाल दिलेली, भाषण झालेलं. आता 'राहतोय' म्हटलं तर गल्ली हसणार, आणि चौगल्यांना हसणं सहन होत नाही. त्यापेक्षा गेलेलं परवडलं, अशी त्यांच्या मनाची समजूत व्हायला लागली. आपली अब्रू सांभाळायला माणूस बायकोचा धंदा, आईचा कट्टा आणि स्वतःचा हात मोडून घ्यायला तयार होता. आणि हे घरात कुणाला बोलून दाखवत नव्हता.

रोज जेवणं झाली की चौघं फळीवरच्या नारळाकडं बघायची. झुंबरबाई तो उचलून कानाशी हलवायच्या. पौषात आत पाणी डुचमळत होतं. होळीला आवाज बंद झाला. चैत्रात तो खुळखुळायला लागला.

"ठरवा लवकर," त्या म्हणायच्या. "ह्यो बी कट्टाळला."

आणि मे महिन्यात ऐन उन्हात बदलीचा हुकूम आला. विनंती मान्य. सात दिवसांत रुजू व्हा. त्या जागेसाठी आजपर्यंत कुणी अर्जच केला नव्हता, त्यामुळं साहेबांनी डोळे झाकून सही केली म्हणे.

गल्लीला आनंद झाला. चौगल्यांवर राग होता असं नव्हे, पण पाच महिने अडकलेली गोष्ट एकदाची सुटली. हंबीरराव स्वतः येऊन सांगून गेले, "टेम्पोची काळजी करू नका. पण दुसरा निरोप मिळायचा न्हाई हं. एकाला एकच."

घरात बांधाबांध सुरू झाली. स्वप्नालीनं मशीनवर चादर घातली. आकाराम माळ्यावर चढले आणि पत्र्याचा डबा खाली काढला. ब्रश कडक झाले होते. त्यांनी ते रॉकेलमध्ये भिजवले, का भिजवले त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि दोरा आणायला म्हणून बाहेर पडले.

कोपऱ्यावर फ्लेक्स अजून होता. उन्हानं फोटोतला चेहरा निळा पडलेला, एक समई फाटलेली. नाव मात्र ठसठशीत. आकराम. पाच महिने रोज चार वेळा त्यांनी ते खाली मान घालून ओलांडलं होतं. आज मान खाली गेली नाही. जायचं तर जाऊ, पण नाव तरी नीट करून जाऊ, असं म्हणून त्यांनी दुकानातून दोऱ्याऐवजी लाल आणि काळा रंग घेतला, घरून शिडी आणि ब्रशचा डबा आणला आणि वर चढले.

वर गेल्यावर कळलं की 'क' आणि 'रा' यांच्यामध्ये काना घुसवायला जागाच नाही. एका कान्यासाठी अख्खं नाव नव्यानं लिहायला पाहिजे. मग त्यांनी फ्लेक्स सोडला, उलटा केला आणि पांढरी पाठ पुढं करून पुन्हा बांधला. क्रांतीला हाक मारली, सुताचं एक टोक तिच्या हातात दिलं, ओळ आखली आणि लाल रंगात 'आ' काढला.

दुपारची वेळ, माणसं झोपलेली. 'का' होईपर्यंत तीन जण जमले. 'रा'ला दहा. 'म' झाला आणि त्याला काळी सावली द्यायला घेतली तेव्हा हंबीरराव खुर्ची घेऊन येऊन बसले होते आणि कुणीतरी सगळ्यांना सांगत होतं, "आपल्या तालमीची जुनी पाटी ह्याच हातची हाय. मी बघितलंय, मी तवा चौथीत हुतो." बाळासो सायकलवरून उतरला, मान वर करून अक्षर अक्षर लावत त्यानं वाचलं, "आ-का-रा-म." आणि म्हणाला, "लांबनं बी दिसतंय की!"

आकारामांना शिडीवर एवढं बरं वाटलं की ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. हसत होते. सगळ्या गल्लीनं त्यांना दात दाखवून हसताना पहिल्यांदा बघितलं. आडनाव लिहून झालं. मग कुणी काही न सुचवता वर आडवी जागा होती तिथं त्यांनी लिहिलं, 'पेंटर'.

"आता खाली पत्ता घाला," हंबीरराव म्हणाले. "पत्ता नसला तर गिऱ्हाइकानं यायचं कुठं?"

ब्रश खाली आला आणि थांबला.

कुठला पत्ता? चितारवाडीचा घालायचा, तर ती पाटी मंगळवार पेठेत कशाला? आणि इथला घालायचा, तर... आकाराम तसेच उभे राहिले. ब्रशवरचा रंग थेंबाथेंबानं शिडीवर गळत होता. पाच महिने जे कुणाला बोलता आलं नव्हतं ते आता दीड वीत उंचीच्या अक्षरांत लिहायचं होतं.

तेवढ्यात माडीची खिडकी उघडली. गळ्यात टेप अडकवलेली स्वप्नाली जन्मात पहिल्यांदा गल्लीत ओरडली.

"हितलाच घाला! आणि वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवून मिळतील असं बी लिवा!"

आकारामांनी लिहिलं. 'मंगळवार पेठ'मधल्या 'म'ला दंड देताना त्यांचे डोळे भरले होते, तरी रेघ सरळ आली.

"म्हंजी जात न्हाईसा?" हंबीरराव उभे राहिले. "मग निरोपाचं काय? मंडळानं शाल दिलीया, नारळ दिलाय! असं निरोप घिऊन कुणी ऱ्हातंय व्हय?"

गर्दी हसली. आकारामांना वाटत होतं तसंच हसली. त्यांनी शिडीवरून ऐकलं आणि बघितलं, तर काहीच झालं नव्हतं. लोक हसतात, मग थांबतात.

झुंबरबाई कट्ट्यावरून उठून आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. "शाल मिळायची न्हाई. ती मी पांघरून धुतलीया. आणि नारळाचं म्हंशील हंबीरा, तर नारळ काय जाण्याचाच आसतोय? पाटी लागली, दुकान उघडलं, तर काय फोडत्यात मग?"

म्हातारीनं शिडीच्या बुडाशी दगडावर नारळ आपटला. पाणी एक थेंब निघालं नाही. करवंटीची दोन शकलं झाली आणि आतून गोल, अखंड, खणखणीत खोबऱ्याचा गोटा घरंगळत हंबीररावांच्या पायाशी जाऊन थांबला.

त्यांनी तो उचलला, हुंगला. "चटणीला झक्कास हाय," म्हणाले, आणि तिथं निरोपाचा विषय मंडळाच्या बाजूनंही संपला. त्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका वर्षाची चटणी कांडायला गेल्या. झुंबरबाईंनी तो गोटा आपल्या मिरच्यांत घातला आणि शालीच्या बदल्यात म्हणून गल्लीत घरटी एक वाटी पोचती केली.

बदली रद्द करायचा अर्ज आकारामांनी त्याच बाबूकडं दिला. कारण लिहिलं, 'मातोश्रींच्या गुडघ्यास ग्रामीण हवामान मानवत नाही.' दाखला तोच. बाबूनं वाचलं आणि हात जोडले. सरकारी नोकराला जोडधंदा चालत नाही असंही त्यानं बजावलं, म्हणून पाटीवर 'पेंटर'च्या शेजारी 'हौसेखातर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. तेही लांबून वाचता येतं. रविवारी माडीवर मशीन चालते आणि खाली रंग वाळत असतो. क्रांती सूत धरते आणि किती अक्षरं किती जागेत बसवायची याचं गणित करते. ते गणित आहे हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम दुधाला गेले. मधनंच गेले, भिंतीच्या कडेनं नाही. बाळासोनं माप भरलं, सवयीनं वर बघितलं आणि कालचं सगळं विसरून विचारलं,

"आं? अजून हाय व्हय हितंच?"

आकारामांनी किटली पुढं केली.

"हाय की," म्हणाले.